आजीचं घर पाडू नये

१ जुलै, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि सगळं मनासारखं! ऑफिस बँकॉकच्या ओन नुट भागातल्या एका गल्लीत आहे, खाली केस कापायचं दुकान, वर आम्ही. दारात शिरते न शिरते तोच ऑफिसातल्या पी ओयने मला कोपऱ्यात, जागेच्या धन्याच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, देव्हाऱ्यासमोर उभं केलं. हात जोड, नाव सांग, काय काम करणार ते सांग, उगाच अनोळखी म्हणून त्याने तुला जिन्यावरून ढकललं तर आम्ही जबाबदार नाही, म्हणाली. मी लाल सरबताची बाटली ठेवली, नाव सांगितलं, आणि फायरवॉलचे नियम लिहिते हेही सांगितलं. धनी गप्प राहिला. याचा अर्थ पसंती, असं पी ओयचं मत. ती वयाने मोठी, म्हणून नावाआधी ‘पी’. मी नोंग निम, म्हणजे धाकटी, म्हणजे दुपारची कॉफी माझ्याकडे.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गळ्यात घालायची घंटी देते. दाबली की ती हाक आमच्या सर्व्हरपर्यंत येते आणि सर्व्हर घरच्यांना आणि दवाखान्याला फोन लावतो. घंटीतून बोलताही येतं. कामावरच्यांच्या आईबापांना फुकट, म्हणून गावी, लम्पांगला, आईला लगेच पाठवली. टांग्याच्या घोड्याला घुंगरू असतं तसं माझ्या गळ्यात अडकवलंस, आता चाबूकही पाठव, असं ती फोनवर म्हणाली. पण काढून ठेवलेली नाही. दोन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली होती, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. ही नोकरी मी खरं तर त्या घंटीसाठीच धरली.

४ जुलै
आजवर हे नियम सांभाळणाऱ्या पी वुतने काम समजावलं. सर्व्हर भाड्याचे, कुठल्या इमारतीत आहेत ते आम्हालाही माहीत नाही. आपल्या हातात एवढंच, की त्यांच्या दारात कोण आला तर आत घ्यायचा आणि कोण आला तर परत पाठवायचा. हे नियम कोडमध्ये लिहायचे, दुसऱ्या कोणीतरी वाचून होकार द्यायचा, मग एक आज्ञा दिली की सगळीकडे लागू. मुळात सगळी दारं बंद. ज्यांची नावं लिहिली त्यांनाच उघडायचं. परत पाठवलेल्या प्रत्येकाची एक ओळ पडद्यावर उमटते. तिला इथे सगळे ‘थाप’ म्हणतात.

पी वुत पुढच्या आठवड्यात रजा घेऊन भिक्षू होतोय, वर्षावास संपेपर्यंत. ऑफिसभर चेष्टा चालली आहे. लग्न ठरत नाही म्हणून डोकं भादरतोय का रे, वगैरे. भिक्षू होण्याचं पुण्य कोणाच्या नावे करणार, असं मी विचारलं. एका आजीच्या, म्हणाला, आणि खुर्ची मागे सारून उठून गेला.

१२ जुलै
पी वुत गेला. दीक्षेच्या सोहळ्यात आम्ही सगळे नाचलो, माझी चप्पल हरवली.

आज नियम चाळताना एक गंमत सापडली. एक सर्व्हर आहे, पूर्ण रिकामा. त्यात काही नाही, तो काही करत नाही. आणि त्याचं दार सगळ्या जगाला उघडं! कोणीही यावं, कुठूनही यावं. वर पी वुतने टीप लिहिली आहे: ‘आजीचं घर. पाडू नये.’ सोमवारी दवाखान्याचे तपासनीस येणार, आणि असलं उघडं दार दिसलं तर ते आम्हाला उभे चिरतील. पी वुतला विचारायला हवं होतं. पण नुकताच चीवर ल्यायलेल्या माणसाला मी, एक बाई, फोन करून सर्व्हरचं विचारू? भीड वाटली. पी ओयला दाखवलं. तिच्या तोंडात आंबा होता, तिने न वाचताच होकाराचं बटण दाबलं. मी आज्ञा दिली. घर गेलं.

भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणते. पण कोड आता कसा लख्ख दिसतोय!

१६ जुलै
तपासनीस खूश. साहेबांनी सगळ्यांना तुळशीतलं डुकराचं मटण आणि भात खाऊ घातला.

एकच गोष्ट खटकते. घर पाडल्यापासून दिवेलागणीला थापा पडतात. सगळ्या एकाच घंटीच्या, नोन्थाबुरीतल्या एका घराच्या. त्या घराचं नाव आता आमच्या ग्राहकांत नाही. मी त्या पत्त्यावर नाव लिहून वेगळी बंदी घातली.

१८ जुलै
थापा थांबत नाहीत. बंद दारावर कोणी इतका वेळ उभं राहत नाही. पी ओयला तो पत्ता दाखवला तेव्हा तिचा चेहरा उतरला. ते घर तू पाडलंस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तूच तर होकार दिलास. ती खाली बसली आणि मग तिने सांगितलं.

गेल्या वर्षी पी वुतने नियम बदलताना एक आकडा चुकवला. नोन्थाबुरीतली ती गल्ली नियमाबाहेर राहिली. त्या गल्लीत सांगवान आजी राहायच्या. त्या पडल्या आणि दुपारभर घंटी दाबत राहिल्या. आमच्या सर्व्हरने त्यांना दर वेळी दारातून परत पाठवलं. शेजाऱ्यांना वास आला तेव्हा कळलं. साहेबांनी प्रकरण दाबलं. पी वुतने मात्र अंत्यविधीत ती घंटी आपल्या हाताने त्यांच्या शवपेटीत ठेवली, ती त्यांच्याबरोबरच जळली.

दुसऱ्या दिवसापासून त्याच जळलेल्या घंटीच्या थापा सुरू झाल्या. म्हणून त्याने त्यांना एक रिकामं घर बांधून दिलं, दार उघडं ठेवलं. मग सगळं शांत झालं होतं.

मला रडू आलं. त्या बाईला दुसऱ्यांदा बाहेर काढलं, या वेळी मी.

२१ जुलै
घर पुन्हा बांधलं. तेच नाव, तेच उघडं दार. पी ओयने देव्हाऱ्यात उदबत्त्या लावल्या, उकडलेली अंडी ठेवली. पण त्यात कोणी येत नाही. मोडलेल्या घरात कोण परत येतं, असं पी ओय म्हणाली.

आता थापा दुसरीकडून येतात, ज्यांची नावं नियमात आहेत त्यांच्याकडूनही. परवा अयुथयाच्या एका आजोबांच्या घंटीवरून, काल नाखोन सवानहून. आम्ही फोन केले. दोघांनीही घंटी दाबलेली नव्हती. पण दोघांकडे संध्याकाळी एक म्हातारी पायरीवर येऊन बसली होती, पाणी मागत होती. पुढची वाट विचारून निघून गेली.

२५ जुलै
आज थाप ताक शहरातून.

नकाशा काढून पाहिला. उत्तरेचा रस्ता. ताकच्या पुढे लम्पांग.

२६ जुलै
विहारात जाऊन आले. पी वुत, म्हणजे आता त्यांना तसं म्हणायचं नाही, दूर ओट्यावर बसले होते. मला ‘योम’ म्हणाले, परक्या उपासकाला म्हणतात तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आजींना घर नकोच होतं, कोणीतरी ओ द्यायला हवी होती. मला ती देववली नाही, म्हणून मी घर दिलं. ते सोपं होतं.

मी विचारलं, ओ दिली तर काय होईल? ओ देणाऱ्याला मेलेलं माणूस बरोबर नेतं म्हणतात, असं बोलून ते उठून आत गेले.

२८ जुलै
आईचा फोन. आनंदात होती. म्हणे, तुझ्या ऑफिसच्या ओळखीच्या एक आजी आल्यात, बाहेर पायरीवर बसल्यात, बिचाऱ्या फार लांबून चालत आल्यात. तुझं नाव घेऊन विचारत होत्या. मी ओरडले, आत घेऊ नकोस. आई चिडली. म्हातारं माणूस उंबऱ्यात बसवून ठेवायचं? बँकॉकला जाऊन हेच शिकलीस का?

रात्रीच्या गाडीत एक जागा नाही. परवाची मिळाली.

२९ जुलै
लम्पांगचा पत्ता बंद करते. म्हातारीने आईच्या घंटीतून हाक मारली आणि सर्व्हरने ओ दिली तर? पी ओय होकार देईना. तुझी आई खरंच पडली तर गं, म्हणून हात धरला. मी होकाराची अटच काढून टाकली. लागू केलं. फक्त दोन दिवस. उद्या रात्रीची गाडी, परवा सकाळी मी तिथे असेन.

३० जुलै, दुपार
थापा. लम्पांगहून. दिवेलागण नाही, भर दुपार — त्या कधीच दुपारी —

आई फोन उचलत नाही. शेजारच्या खाम काकांना लावला, बाजारात आहेत, थोड्या वेळाने बघतो म्हणाले.

पी ओय रडतेय, उघड म्हणतेय. आई असली तर? पण आजी असल्या तर? ओळ तीच, पत्ता तोच. कोण दाबतंय ते ओळीत कुठे लिहिलेलं असतं —

थापा सावकाश होत चालल्या.

थांबल्या.

नियम काढला. दार सताड उघडं. कोणीच येत नाही.

खाम काकांचा फोन. न्हाणीघर. घंटी मुठीत, अंगठा अजून तिच्यावर.

५ ऑगस्ट
आईला पोचवून आले. घंटी पेटीत ठेवली. पी वुतने ठेवली होती तशीच. दुसरं काही सुचलं नाही.

मीच मारलं तिला. एका ओळीने.

६ ऑगस्ट
दिवेलागणीला थाप. मग दुसरी. दोन घंट्या, एकापाठोपाठ.

बाकी सगळे घरी गेले. पी ओय बसली आहे. ओ देऊ नकोस म्हणते.

७ ऑगस्ट
आज थापा पडद्यावर नाहीत. जिन्यावर आहेत. देव्हाऱ्यातली बाटली कलंडली.

आईचा आवाज. तोच, फोनवरचा, आनंदातला. निम, आम्ही दोघी आलोय गं. किती चालवलंस.

पी ओय दाराला पाठ लावून उभी आहे, मान हलवतेय, नको नको —

मी ओ दिली.

दाराची कडी — पी ओय, बाजूला हो — आईला दुसऱ्यांदा दारातून परत कशी पाठ