तिरप्या पट्टीवरची भिंत

तुमसर
१४ डिसेंबर २०२४

चि. अश्वजित,

आईचा जयभीम. खुशबूलाही सांग.

मी बरी आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, पण नर्सची नोकरी केलेल्या बाईला स्वतःपुरत्या गोळ्या कळतात. यंदा पोपटीच्या शेंगा भरपूर लागल्या, खायला कोणी नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या मित्राने, चंदनने दिला. त्याला बोलू नकोस, मीच आठवडाभर त्याच्या मागे लागले होते.

त्या संध्याकाळचं एकदाच सांगून टाकते. तुम्ही लग्न करून दारात आलात तेव्हा घरात मिक्सर सुरू होता. मला हाक ऐकू आली नाही. झालं, विषय संपला.

खरं काम वेगळं आहे. आपली बाग आणि खुशबूच्या माहेरची बाग यांच्यामधली ती तिरपी पट्टी तुला माहीत आहे. रस्त्याकडे तीन हात रुंद, मागे विहिरीपाशी निमुळती होत संपते. लेआउट पाडतानाच चूक झाली. ती कोणाच्या प्लॉटात धरायची हे आजवर कोणाला ठरवता आलं नाही. इतकी वर्षं तिथे गाजरगवत होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं. दिवाळीपासून मात्र खुशबूची आई, कौशल्याबाई, तिथे दिसते. आधी गवत उपटलं, मग वाफा केला, सांभारासाठी धने पेरले, मेथी पेरली. मला विचारलं नाही. वर्षभर तोंड फिरवून जाणारी बाई आता मला पाहून हसते.

हे हसणं मला पटत नाही. आधी वाटलं, जागा दाबून राहिली. म्हणून आठ दिवस लक्ष ठेवलं. पाणी घालायला ती सकाळी येत नाही, संध्याकाळी येत नाही. बरोबर साडेअकराला येते, पोस्टमन आपल्या फाटकाशी येतो तेव्हा. माझं विम्याचं पाकीट आलं तर मान वाकडी करून पाहत होती. परवा विचारते, "बाई, पुण्याहून आलं का?" तुम्ही पुण्यात नाही हे बरं, पण ती चाचपून राहिली आहे. तिचा नवरा खेमराज आपल्या कापडाच्या दुकानात सगळ्यांसमोर बोलला होता, "सापडले तं पाय तोडतो." त्यानेच तिला तिथे उभं केलं असणार.

म्हणून सात फुटांची भिंत घालायचं ठरवलं आहे. यादोराव मिस्त्री येऊन पाहून गेला. "बाई, सरळ घालू का तिरपी?" म्हणाला. मी म्हटलं, "उंच घाल."

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी आई


तुमसर
५ जानेवारी २०२५

चि. अश्वजित,

जयभीम. तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं चंदन म्हणाला, तेवढं पुरे.

भिंत झाली नाही.

यादोरावने गुरुवारी पाया खोदायला घेतला. चार हात चर झाला असेल, तर कौशल्याबाई आली आणि सांभाराच्या वाफ्यात उभी राहिली.

"बाई, भिंत बांधा. मी आडवी येत नाही. येवढंच सांगा, पोरगी बरी हाये ना?"

"मले काय माहीत? खेमराजनं पाठवलं का तुले?"

"त्यायनं तं तिचे फोटो बी जाळले. मी तुमच्याशी बोलली हे समजलं तं मले बी घराबाहेर काढतीन. आज ते मालासाठी भंडाऱ्याले गेले, म्हणून उभी आहो."

"मंग रोज पोस्टमनवर नजर काहून?"

"पोस्टमनवर नाही, तुमच्या तोंडावर. पत्र पाहून तुमी हासल्या असत्या, तं मले समजलं असतं."

एवढ्यावर ती थांबली असती तर मी वळून घरात गेले असते. ती थांबली नाही. "त्या दिवशी मी इथंच गवतात उभी होती. आमच्या घरात तिले घेत नाही, हे मले माहीत होतं. वाटलं, तुमी नर्सबाई, तुमी घेसान. तुमी खिडकीतून पाह्यलं आन् कडी लावली."

यादोराव फावडं टेकवून ऐकत होता. मला त्याच्याकडेही पाहवेना.

अश्वजित, मिक्सर सुरू नव्हता. तू तीनदा हाक मारलीस. कडीवर माझा हात होता. खेमराजची माणसं येतील ही भीती वाटली, पण सगळं खरं तेवढंच नाही. खुशबू जन्मली ती माझ्या हातांवर. रात्रभर तिच्या आईजवळ बसले, आणि सकाळी त्या घरात मला चहा वेगळ्या कपात आला. कान तुटलेला कप, मागच्या ओट्यावर ठेवलेला. तुम्ही दारात उभे होता आणि माझ्या डोळ्यांपुढे तो कप होता. त्यांची मुलगी मी का सांभाळू, असं वाटलं. एका रात्रीच्या त्या लेकराने तो कप ठेवला नव्हता, हे मला फार उशिरा सुचलं.

मी कौशल्याबाईला म्हटलं, "बरी हाये. शिवणकाम करते." चंदनने सांगितलं होतं तेवढंच. ती वाफ्यातच खाली बसली.

"मंग हा चर कायले खोदाले लावला?" चर बुजवायला सांगितल्यावर यादोराव वैतागला. त्याच्याकडूनच छातीएवढं बांबूच्या तट्ट्याचं कुंपण करून घेतलं, पट्टीच्या अलीकडे, आपल्या बाजूने. अख्खी पट्टी तिच्याकडे गेली. जागा कदाचित तुझ्या वाट्याची होती, तुला न विचारता दिली.

माझा संशय पुरता गेला असं समजू नकोस. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, पण नवरा घरी आल्यावर ती काय बोलते हे मला कुठे दिसतं? म्हणून तिला तुमच्या गावाचं नावसुद्धा सांगितलं नाही. काल तिने कुंपणावरून एक चिठ्ठी दिली, दुकानाच्या कागदाची, भाताने चिकटवलेली. मी ती दिव्यासमोर धरून पाहिली, खोटं कशाला बोलू. काही वाचता आलं नाही. उघडली मात्र नाही. ती या पाकिटात आहे. खुशबूला दे. वाचायची की फेकायची, ते तिचं.

मला माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. ते पत्रात मागायचं नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा येऊन समोर मागेन.

तुझी, आणि खुशबूने म्हणू दिलं तर तिचीही,
आई