आईनं सोडलेलं दूध

४ एप्रिल
पुन्हा नकार. चिखलीच्या मुलीकडच्यांनी निरोप धाडला — मुलगा चांगला आहे, पण पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान म्हणजे काही नोकरी नव्हे! बरं. मला आता वाईटही वाटत नाही, नुसता थकवा येतो. वाईट वाटतं ते आईचं. माझं लग्न होईपर्यंत तिनं दूध-दही-ताक सोडलंय, देवाला बोललीय तसं. किती वर्षं झाली! म्हणजे नकार मला येतो आणि उपास तिला घडतो.

५ एप्रिल
पहाटे आई कळवळली. पोटरीत गोळा आलेला. तेल चोळत बसलो. बोटांना मुंग्या येतात, नखं तुटतात, कंबर धरते — हे म्हणे वर्षभर चाललंय. मला आज सांगते! वयानं होतं म्हणाली. साठीसुद्धा नाही झाली अजून.

९ एप्रिल
मोताळ्याला डॉक्टरांना रक्ताचा रिपोर्ट दाखवला. कॅल्शियम कमी, डी व्हिटॅमिनही कमी. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं म्हणाले. हाडं ठिसूळ झालीत, पडू देऊ नका, खुबा मोडला तर अंथरूण धरतील. गोळ्या दिल्या, पण पोटातूनही गेलं पाहिजे म्हणे. दूध किती घेता, असं विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसाला काय सांगणार?
शेवटी मीच म्हणालो, तिला दूध चालत नाही. मग त्यांनी तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि सकाळचं कोवळं ऊन सांगितलं.

१२ एप्रिल
तिळाची चटणी झाली, शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली. उन्हात बसते, पण डोक्यावरून पदर, हातही पदरात! ऊन काय लुगड्याला द्यायचंय? आणि गोळी चहासोबत. चहापासून लांब घ्यायची, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मी चिडलो. ती आत गेली आणि माझ्यासाठी ताक घेऊन आली. रोज स्वतः घुसळते, स्वतः थेंब घेत नाही. मी प्यालो. लाज वाटली, तरी प्यालो.

१५ एप्रिल
दुकानात जळालेल्या मोटारींचा ढीग. पाठ मोडली. काही लिहावंसं नाही.

१९ एप्रिल
आई पडली. सपाट ओट्यावर, नुसता पाय अडकून. मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आज हातावर भागलं.
घरी आल्यावर हात जोडले तिच्यापुढे.
"घे ना व आई. देवाले समजते सारं."
"समजते म्हणूनच नाही घेत. आता मोडलं त इतके वर्साचं पाण्यात जाईन. तुहं लगन झाल्याबिगर नाही."
राग कुणावर काढू? तिच्यावर, देवावर, की त्या चिखलीवाल्यांवर? भांडी घासली आणि झोपलो.

२४ एप्रिल
अन्नपूर्णा आत्या रोहिणखेडहून आईला बघायला आली. बाबांची थोरली बहीण. बाबा गेल्यापासून घरातले देवाधर्माचे प्रश्न तिच्याकडेच जातात. तिला अंगणात गाठून विचारलं. बोललेलं मोडता येत नाही म्हणाली, पण पोटचं लेकरू ते आपल्या अंगावर घेऊ शकतं.
"पण सोडलं म्हंजे सोडलं, जीवन. मंग चोरून चाटायचं नाही."
मी! दह्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही, तो मी! तरी हो म्हणालो.

२५ एप्रिल
देवापुढे बसून ओंजळभर दूध घेतलं, तुळशीला घातलं. झालं, आता माझं बंद. आई नाही नाही करत होती, आत्यानं दटावलं. मग आईनं वाटीभर ताक घेतलं, रडत रडत. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं.

२७ एप्रिल
सकाळी आई स्वतःहून दूध प्यायली. दुपारी रस केला होता, तर वाटी बाजूला सारली. आंबा सोडला म्हणते.
"आता काऊन?"
"तुह्या हाडासाठी."