केशरी टोपी

उरॅला, शुक्रवार सकाळ

प्रिय नेरिडा,

तुझं पत्र सोमवारी आलं. अक्षर अजून रेघेवर बसलेलं आहे, म्हणजे शाळेत सिस्टर इग्नेशियाची पट्टी आपल्या बोटांवर पडली ती फुकट गेली नाही. मजकुराबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही. तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा संतापले. मोटरसायकल कायमची सोडतेस, ब्रेंडनने तुझी निळी गाडी विकायला काढली आहे आणि तू हो म्हणालीस. अठ्ठावीस वर्षं जिने आपल्या गाडीच्या चेनला तेलसुद्धा दुसऱ्या कोणाला घालू दिलं नाही, ती मुलाच्या एका शब्दावर हो म्हणते? आणि कारण काय, तर जूनमध्ये मी फाट्यावर उभी होते आणि तुला दिसले नाही. "एवढं धिप्पाड माणूस समोर उभं असून मला दिसलं नाही, फिल, मग मी रस्त्यावर असण्यात काय अर्थ?" हे तुझं वाक्य. धिप्पाड म्हटल्याबद्दल वेगळं भांडू.

पत्र मिळाल्यावर मी लगेच ब्रेंडनला फोन केला. तुझा मुलगा हल्ली बँकेच्या मॅनेजरसारखा बोलतो. "आंटी फिल, पुढच्या गुरुवारी आईची स्मरणशक्तीची तपासणी आहे. त्यात नापास झाली तर तिला परत तिच्या घरी एकटं ठेवता येणार नाही. इथे न्यूकॅसलमध्ये एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. गुरुवारपर्यंत भेटी आणि फोन बंद ठेवलेत, तिचा गोंधळ उडतो." मी म्हटलं, गोंधळ तुझ्या आईचा उडतो की तुझा? तो हसला. चाळीशी उलटलेला पुरुष आपल्याला हसण्यावारी नेतो तेव्हा काय करायचं, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं. याच मुलाला मी माझ्या स्वयंपाकघरात पावाला व्हेजिमाइट लावून दिलंय, आणि आज त्याच्या परवानगीशिवाय मला तुझा आवाज ऐकता येत नाही. म्हणून हे पत्र. पाकिटावर फक्त तुझं नाव घातलं आहे. फोडायचा हक्क तुझा आहे, अजून तरी.

मला गाडीवर बसवलंस तू. आठवतं? मी चव्वेचाळीस वर्षांची, कोर्टातल्या नोकरीवरून थेट आलेले, अंगात करडा स्कर्ट, आणि तू जत्रेच्या रिकाम्या मैदानात मला क्लच शिकवत होतीस. मी तीनदा आपटले. तू म्हणालीस, "स्कर्ट फाटला तर फाटू दे गं, हँडल सोडू नकोस." नवरा गेल्यानंतर मला रडू नकोस असं न सांगणारी तू एकटीच. आणि मोटरसायकलवाल्या बायकांचा आपला ग्रुप जमला तेव्हा फाट्याचा नियम कडक केलास तोही तूच. पुढची बाई ज्या फाट्यावर वळेल, तिथे तिच्या मागच्या बाईने थांबायचं, हाताने वळण दाखवत उभं राहायचं, एकेक करून सगळ्या गेल्या आणि शेवटी, सगळ्यांच्या मागे राहणारी, पिवळं जाकीट घातलेली शेपूट दिसली की मगच निघायचं. मला पहिल्यांदा उभं केलंस त्या दिवशी गारपीट झाली होती. मी दीड तास उभी होते, मागे कोणाचीतरी चेन तुटली होती. परत आल्यावर मी किती बडबडले! तू शांतपणे थर्मासमधला चहा ओतलास आणि म्हणालीस, "मागची बाई नकाशा बघत नाही, फिल. तुला बघते." मला ते वाक्य तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं.

आता ऐन हिवाळ्यातला, जूनचा तो रविवार. पोलिसाला, ब्रेंडनला आणि पुढे सगळ्या जगाला मी जे सांगितलं तेच आधी लिहिते. वॉल्का गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता डावीकडे पुलावर वळतो आणि सरळ गेलं तर जंगलाचा खडीचा रस्ता लागतो, त्या फाट्यावर मी थांबले होते. गवतावर अकरा वाजले तरी दहिवर तसंच. एकेक जण वळून गेली. पिवळं जाकीट गेलं, मग मी निघाले. तू मात्र सरळ खडीवर गेलीस, पहिल्याच उतारावर गाडी घसरली, खुबा मोडला, हेल्मेटला तडा गेला आणि लाकडाच्या ट्रकवाल्याला सापडेपर्यंत तू दोन तास चरात पडून होतीस. झालं. यावर लोकांनी काय काय तारे तोडले! आपल्याच ग्रुपच्या पत्रकात एका शहाणीने लेख लिहिला, सत्तरी ओलांडलेल्यांनी कुठे थांबावं यावर. स्वतः अडुसष्ट आहे. मी तिला फोन करून विचारलं, दोन वर्षांनी तुझ्याकडून किल्ली मी घ्यायला येऊ की तू आणून देशील?

हॉस्पिटलमध्ये तर तुझ्या प्रत्येक शब्दाची चाचणी झाली. शुद्धीवर आल्या आल्या तू म्हणालीस, "फाट्यावर कोणी नव्हतं." आपल्या ग्रुपमधली लॉरेल माझ्या शेजारीच उभी होती. तिने तुझा हात थोपटला आणि म्हणाली, "असं काय करतेस नेरिडा, फिल होती की तिथे. फिल कधी फाटा सोडेल का?" मग तू म्हणालीस, "नाही, फिल नव्हती, फक्त खांबाच्या डोक्यावर टोपी होती. केशरी टोपी." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पंचविशीतल्या डॉक्टरणीने ते लिहून घेतलं. ती टोपी आजतागायत तुझ्या कागदपत्रांत आहे. ब्रेंडन तर चारचौघांत सांगतो, "डोक्यालाच मार बसलेला, आईला खांब टोप्या घातलेले दिसतात." कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं तुला, शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं. तूही सुरुवातीला चिडलीस, मग गप्प झालीस, आणि आता तूच लिहितेस की टोपीचं ते स्वप्नच असणार. नेरिडा, तुला गप्प करायला पाच महिने लागले त्यांना. आख्ख्या कॉन्व्हेंटला सात वर्षांत जमलं नव्हतं.

लॉरेलने तुला कळवलंच असेल की मीही जूनपासून गाडीवर बसलेले नाही. तिचं म्हणणं मी तुझा धसका घेतला. तिला म्हणायला काय जातं. ऑगस्टमध्ये मी किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवली आणि लायसन्स परत करून आले. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "पडलात का?" मी म्हटलं, मी नाही. ती म्हणाली, "मग का सोडताय? मस्त फिट दिसताय की." मी लायसन्स काउंटरवर तिच्याकडे सरकवलं. खरं कारण टाळण्याची मला तोवर चांगली सवय झाली होती.

किल्ली ठेवली ती तुला भेटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. ब्रेंडनच्या घरी तू खिडकीशी खुर्चीत बसली होतीस, गुडघ्यांवर ती कोणाची तरी गुलाबी शाल. मी मुद्दाम काहीतरी टोचून बोलले, गुलाबी रंग तुला शोभतो वगैरे. तू हसली नाहीस. माझा हात धरलास आणि म्हणालीस, "माफ कर फिल. तू थंडीत माझ्यासाठी उभी होतीस आणि मी म्हणत राहिले की तू नव्हतीस. तुला किती वाईट वाटलं असेल." मी म्हटलं, "जाऊ दे गं, त्यात काय." हे शब्द मी उच्चारले. मग तुला बिस्किटं दिली, गाडीत येऊन बसले आणि तासभर गाडी सुरू केली नाही.

तीस वर्षं मी कोर्टात लोकांच्या हाती बायबल दिलं. शब्दशः खरं बोलून खोटं कसं बोलतात ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? "पिवळं जाकीट गेलं, मग मी निघाले." यात एक अक्षर खोटं नाही. फक्त ते जाकीट लॉरेलचं, म्हणजे त्या दिवशीच्या आपल्या शेपटीचं, नव्हतं. कोणीतरी अनोळखी पुरुष होता, एकटाच चाललेला. हल्ली निम्मं जग पिवळी जाकिटं घालून फिरतं. त्याने मान हलवली, मीही हलवली. बोटं थंडीने बधिर झाली होती, वॉल्क्याच्या कॅफेत चहा, गरम स्कोन आणि संडास होता, आणि ते जाकीट लॉरेलचं असावं असं मला फार वाटत होतं, म्हणून मी नीट बघितलं नाही. तू तेव्हा मागेच होतीस, लॉरेलबरोबर, कोणाची तरी गाडी पंक्चर झाली होती तिथे. ती तुला म्हणाली तू हो पुढे, आणि तू निघालीस. लॉरेल त्या दिवशी फाट्यापर्यंत आलीच नाही, आणि तरीही मग ते जाकीट कोणाचं होतं हे कोणी विचारलं नाही, लॉरेलनेही नाही; फिल फाटा सोडत नाही, एवढं त्यांना पुरलं.

वॉल्क्याला चहा पिताना कोणाच्यातरी फोनवर लॉरेलचा निरोप आला, अजून पंक्चरवाल्या गाडीपाशी बसलेय, उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट बघतेय. सगळ्या म्हणाल्या, नेरिडा तिच्याबरोबर असेल. मला त्याच क्षणी कळलं की मी कोणाच्यातरी भलत्याच जाकिटामागे फाटा सोडून आलेय. उठून एवढंच म्हणायचं होतं. मी चहा संपवला, नेरिडा. दुसरा कपही घेतला. वाटत होतं, आत्ता येईल, आत्ता दारात उभी राहील, मला शिव्या देईल आणि प्रकरण मिटेल. चाळीस मिनिटं मी दाराकडे बघत बसले. तू चरात होतीस त्या दोन तासांतली ही चाळीस मिनिटं माझी आहेत.

मी सांगितलं नाही असं समजू नकोस. उशिरा सांगितलं, तुझं पत्र आल्यावर, पण सांगितलं. मंगळवारी ब्रेंडनला. तो म्हणाला, "आंटी फिल, तुम्ही फार चांगल्या आहात. आई नेहमी म्हणायची, फिल माझ्यासाठी कोर्टात खोटी साक्षही देईल. पण अशाने तिचं भलं होणार नाही." मी ओरडले. तो म्हणाला, "जरा पाणी प्या." मग लॉरेलकडे गेले. ती म्हणाली, "पुरे गं. सगळ्यांना माहीत आहे तुझा तिच्यावर किती जीव आहे." पत्रकवालीला फोन केला, तिने मला समुपदेशकाचा नंबर दिला! खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी एका दमात गिळलं. खरं सांगतेय तर माझी पाठ थोपटतात. आयुष्यभर जिभेने माणसं सरळ केली, आणि आता ती जीभ कोणाच्या कानावर चालत नाही. त्यांनी हातात धरता येईल असा पुरावा मागितला असता तर एकच होता, आणि त्याचं मी त्यांना सांगू शकले नाही, कारण मग तो कुठे गेला हेही सांगावं लागलं असतं.

फाट्यावर माणूस एकटं असतं, म्हणून माझी ही सवय तुलाही माहीत नाही. थांबले की मी खिशातलं संत्रं खाते. साल बुडाकडून एकसंध सोडवते, वाटीसारखी, आणि जाताना रस्त्याकडेच्या पांढऱ्या खांबाच्या डोक्यावरच्या खिळ्यावर उलटी खोचून ठेवते. पोरकटपणा आहे, पण त्या दिवशीही ठेवली होती. पुढच्या रविवारी मी कार काढून एकटीच तिथे गेले. फुलं ठेवायला नव्हे. ती काढायला गेले होते. तुझं बोलणं ऐकून मला कळलं होतं ना, तू काय बघितलंस ते. ती तशीच होती, दहिवराने कडक झालेली. काढली, फेकायला हात वर केला आणि फेकता आली नाही. पाच महिने स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये होती, ऑगस्टपासून किल्लीशेजारी. आज ती पाकिटात घातली आहे, सांभाळून उघड, कडा मोडतात. मधोमध खिळ्याचं भोक आहे. गुरुवारी ती डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेव आणि सोबत हे पत्र ठेव, मी खाली पूर्ण नावाने सही करतेय. त्यांना पटेल की नाही, मला सांगता येत नाही. ब्रेंडन ती उचलून कचऱ्यात टाकेल आणि मी इथे बसून काहीही करू शकणार नाही. पण तू बघ. गाडी सोडायची तर सोड, नेरिडा. खुबा दुखतो म्हणून सोड, भीती वाटते म्हणून सोड, माझं तोंड बघायचं नाही म्हणून सोड. समोरचं माणूस दिसलं नाही म्हणून सोडू नकोस. तिथे माणूस नव्हतं. टोपी होती, आणि ती तू बरोबर बघितलीस.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
फिलोमिना टिअर्नी