पाठ झालेला तक्ता

८ जून १९८१
तर म्हणे दिवाळीनंतर. कोणत्या दिवाळीनंतर ते काका सांगत नाहीत. तीन दिवाळ्या झाल्या मला नाशकात, त्यांच्या या चष्म्याच्या दुकानात. आलो तेव्हा काकांनी दादासमोर कबूल केलं होतं, पोराला वर्षात सगळं शिकवतो, काच घासण्यापासून डोळ्यांचा नंबर काढण्यापर्यंत. घासण्यापासून सुरू झालं ते घासण्यावरच आहे. दगडच फिरवायचा होता तर आमच्या नामपूरला दगड कमी होते का. आज परत विषय काढला. "सुका, आधी हात बसू दे." आता अजून किती बसायचा.

दादाचं पत्र. घरावर पत्रे टाकायला घेतलेत, साठाची मनीऑर्डर वेळेवर पाठव. खाली मायचं बोलणं त्याच्या अक्षरात: माय इचारस, तू कव्हय येशी.

११ जून
चौदा जोड घासले. हिऱ्याच्या पेन्सिलीने काच कापा, पकडीने कडा कुरतडा, मग ओल्या दगडावर फ्रेमच्या मापात आणा. बोटांची कातडी पार गुळगुळीत झाली. उद्या कुठं अंगठा उठवायची वेळ आली तर उठणार नाही.

माझी जागा पडद्यामागे. पलीकडे अंधारी खोली, तिथं काका नंबर काढतात. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. ही काच बरी की ही बरी? गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही म्हणाल ती. मग काका चिडतात, डोळे कोणाचे आहेत. इंग्रजी मी तिथंच शिकलो. एबीसीडी ओळीने अजून येत नाही, तक्त्याच्या ओळीने येते. ई, मग एफ पी, मग टी ओ झेड.

१७ जून
सायखेड्याचे गुरुजी चष्मा घेऊन परत आले. मराठी शाळेवर आहेत. वहीच्या रेघा उताराला लागतात म्हणाले, फळ्यावर लिहायला लागलो की पोरं हसतात. काका म्हणाले, आठ दिवसांत सवय होईल.
"डोळ्यांना सवयच लावायची तर चष्मा कशाला घेतला?"
मग काकांनी बोट माझ्याकडे केलं. पोराने काच फिरवून बसवली. चारचौघांत. मी चिठ्ठी काढून दाखवली. तिरका नंबर असला की काच किती अंशावर बसवायची ते काका चिठ्ठीत लिहितात. लिहिलं होतं १८०. मी बसवली १८० वर. काका म्हणाले, जास्त बोलू नकोस, आणि जेवायला घरी गेले. जेवून चारपर्यंत झोपतात.

गुरुजींची एस.टी. उशिरा होती, बाकावर बसून राहिले. काय अंगात आलं कोण जाणे. त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. तपासायची फ्रेम नाकावर ठेवली, तिरकी काच घातली, हळूहळू फिरवत गेलो. "थांब." काढली, उलट्या बाजूने फिरवत आणली. परत तिथंच थांब. १३०.

परत वाचला, आकडा १३० च होता. फ्रेमवर आकडे इंग्रजी आणि मुंगीएवढे. तीनाचा आठ व्हायला वेळ लागत नाही. पण मला तीन दिसतो. काकांना का नाही?

नवी काच लगेच घासून दिली. गुरुजींनी खिशातलं वर्तमानपत्र उलगडलं, एक रकाना खालपर्यंत वाचला. मग, "कुठं शिकलास?" म्हटलं पडद्यामागे. शिक्षण किती? सातवी नापास. ते म्हणाले, सतरा नंबरचा फॉर्म भर. शाळेत न जाता दहावीला बसता येतं. दहावी झाली की मुंबईला डोळे तपासायचा रीतसर कोर्स आहे, तिथं घेतील. फॉर्म मी भरून देतो, तू फक्त गावच्या शाळेचा दाखला आण.

दाखला दादाने आणला पाहिजे.

२९ जून
दादाचं उत्तर. दहावी करून काय साहेब होणार का. पत्रे अर्धेच झालेत. दाखल्याबद्दल एक अक्षर नाही.

२ जुलै
जुन्या चिठ्ठ्या चाळल्या. दोन महिन्यांत परत आलेले चष्मे नऊ. सात चिठ्ठ्यांत आठ आहे. परत फ्रेमवर तपासून बघायला घरी गेलेली गिऱ्हाइकं कुठून आणू.

धीर करून विचारलं, काका तुमचे डोळे एकदा. हसले. खुर्चीत बसले, लांबून तक्ता वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत, न अडखळता. शेवटी खालच्या छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.
ते नाव मलापण त्या खुर्चीतून दिसत नाही. कोणालाच दिसत नाही.

१३ जुलै
ज्यांना वाचता येत नाही त्यांचा तक्ता उंदरांनी कुरतडला. त्याच्यावर अक्षरं नसतात, तीन पायांची खूण असते, पाय कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. मुंबईहून नवा आला. मी टांगला. काकांनी दोरा ताणून बघितला, तक्ता नाही.

१६ जुलै
बाजाराचा दिवस, बाक भरलेलं. एक म्हातारी आली, सुनेबरोबर. काकांनी पायांच्या तक्त्यासमोर बसवली. मी पडद्यामागे. काका खूण दाखवतात, म्हातारी सांगते.
"वर."
काका म्हणाले चूक. काच वाढवली. परत वर. परत चूक. तिसरी काच. म्हातारीचा आवाज चढला.
"आवो बाबा, पाय वर हायेत त्येचे. मला लय चांगलं दिसतंया."
"आजी, खाली आहेत. नीट बघा."
"मग तुमालाच दिसत नसंल."

बाकावरचे सगळे हसले. मी पडदा बाजूला करून बघितलं. पाय वर होते. नव्या तक्त्यात क्रम वेगळा होता. मी टांगला, मला कळायला पाहिजे होतं की ते जुनाच वाचतायत. खरं सांगायचं तर टांगताना कळलं होतं. बोललो नाही.
म्हातारीला काकांनी उद्या यायला सांगितलं. चष्मा लागतच नव्हता तिला फारसा.

१७ जुलै
सकाळी काकांनी शटर उघडायच्या आधी मला आत बोलावलं.
"कधीपासून माहीत आहे तुला?"
सांगितलं, गुरुजींच्या चष्म्यापासून. म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पिकत आलाय. मी म्हटलं ऑपरेशन. मग म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. "हजार लोकांना सांगितलं असेल मी, करून घ्या, काही होत नाही. सुका, माझी स्वतःची छाती होत नाही रे."

वाईट वाटलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं आणि वाईट वाटायचं थांबलं. आजपासून नंबर मी काढायचे. काका शेजारी उभे राहणार, बोलणार तेच, काचा बदलणार मी. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे काकाच तपासतात. बाहेर कोणाला बोलायचं नाही. काकूंनासुद्धा.
तीन वर्षं जे मागत होतो ते मिळालं. असं.

३० जुलै
काकांनी त्यांचा जुना पांढरा कोट दिला. बाह्या आखूड आहेत. सकाळी नंबर, दुपारी काकांच्या झोपेच्या वेळेत काचा. घासणारा दुसरा ठेवला तर तो बघेल, म्हणून दुसरा नाही.

काका शिकवतात मात्र खरं. दिसत नसलं तरी जीव आहे त्यांच्या शिकवण्यात. गिऱ्हाइकाला घाई करू नको. दुसरी काच बरी म्हणाला तर लगेच मानू नको, लोक दुसरीला बरी म्हणतातच, तुम्ही बदलली म्हणजे बरीच असणार असं त्यांना वाटतं. पहिलीच परत दाखव. आज तसं केलं. बाई पहिल्याच काचेला दोनदा वेगवेगळं बोलल्या.
असं कधीच शिकवलं नव्हतं. तेव्हा का नाही शिकवलं, हे विचारावंसं वाटलं.

१० ऑगस्ट
लासलगावचा हमाल. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतो, पन्नाशीचा असेल. डाव्या डोळ्याला काच लागेना. एक घातली, दोन घातल्या, पेटीतल्या सगळ्या फिरवल्या. तो बिचारा प्रत्येक वेळेला म्हणतो, तशीच हाय. मग म्हणाला, संध्याकाळी दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतं आणि कपाळ फुटतं.
मी काकांकडे बघितलं. काकांनी मला बाहेर घेतलं. म्हणाले, असल्याला काचेने होत नाही, डॉक्टरचं काम आहे. मग म्हटलं तसं सांगतो त्याला. तर म्हणाले, आजच्या दिवशी चार लोक बाहेर बसलेत, जवळचा चष्मा देऊन टाक, पुढचं तो बघून घेईल.

दिला. मी दिला. चिठ्ठीवर अक्षर माझं, सही काकांची.

१८ ऑगस्ट
हमाल चष्मा न्यायला आला. काका गल्ल्यावर होते. मी फ्रेम कानामागे बसवायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि हळूच सांगितलं, सिव्हिल हॉस्पिटलला जा, उद्याच जा, थांबू नका. त्याने माझ्या कोटाकडे बघितलं.
"मंग ह्यो कशाला दिला?"
तो गेला का नाही हॉस्पिटलला, कळायचा मार्ग नाही. चिठ्ठीवर नुसतं लासलगाव लिहिलंय.

२० ऑगस्ट
दिव्याभोवती रंगाचं कडं का दिसतं? काकांना विचारलं. म्हणाले, डोळ्यात पाणी दाटतं असं काहीतरी. त्यांनापण नक्की माहीत नाही. तीस वर्षांत लागलं नाही म्हणाले.

२३ ऑगस्ट
गुरुजी शाळेची पुस्तकं घ्यायला नाशकात आले होते. वहीच्या रेघा सरळ आहेत म्हणाले. त्यांना हमालाचं सांगितलं. ते म्हणाले, हे कोणीतरी पुस्तकात लिहून ठेवलेलं असणार, तुला ते वाचता आलं पाहिजे एवढंच. फॉर्मला अजून महिना आहे. दाखला?

त्यांना एस.टी.वर सोडून परत आलो आणि काकांना सरळ सांगितलं. मार्चमध्ये परीक्षेला सुट्टी लागेल, आणि आत्तापासून सकाळी दोन तास अभ्यासाला.
"आता दहावी कशाला रे? नंबर काढतोसच की."
मी म्हटलं, चोरून काढतो.
"आणि मुंबईला गेलास की इथं कोण काढणार?" मग भिंतीकडे बोट करून, "सर्टिफिकेट भिंतीवर टांगायलाच लागतं ना? माझं टांगलेलं आहे. ते काय नंबर काढतं?"
हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. माझ्याने तुमच्या नावावर आयुष्य काढणं होणार नाही.
काका गल्ल्याशेजारचा आरसा पुसत बसले. त्यात त्यांना काय दिसत असेल.

२५ ऑगस्ट
काका आज दुकानात तक्त्यापुढे उभे होते, एकटेच. अगदी जवळ, नाक टेकेल इतके. नवा तक्ता पाठ करत होते.

२८ ऑगस्ट
पगार झाला. दुपारच्या वेळेत पोस्टात गेलो. म.ऑ.च्या फॉर्मवर सवयीने साठ लिहिलं. मग खोडलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या खाडाखोड चालत नाही, दुसरा घ्या. दुसरा घेतला आणि बाजूच्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहिलो. पेन दोरीला बांधलेलं, दोरी आखूड.

फॉर्मचे नि तीन पुस्तकांचे काढून ठेवायचे तर घरी साठ जात नाहीत. मागच्या खोलीवर पत्रे नाहीत, मायचं अंथरूण तिथंच असतं. दादा रागावणार, आणि रागावलेला दादा शाळेत जाऊन दाखला आणणार का, हे मी त्या टेबलापाशी उभा राहून किती वेळा मनात घोळवलं. काकांनी ऑपरेशनला हो म्हटलेलं नाही. नाहीपण म्हटलेलं नाही. सकाळी नवा तक्ता म्हणून दाखवला मला. तिसऱ्या ओळीत चुकले.

कुपनवर दोन ओळींची जागा असते. लिहिलं: दादा, शाळेचा दाखला पंधरा दिवसांत पाठव, लई गरज आहे. मायला सांग, दिवाळीला येतो.
मग वर रक्कम लिहिली, आकड्यात आणि अक्षरात. यातला तीन कोणी आठ वाचणार नाही.
पस्तीस रुपये.