इश्वरचा स्वेटर

मोहाडी, १० डिसेंबर १९७१

ती. बाबांना दुरूनच नमस्कार.

१. माझ्यासोबत राहणारी शिक्षिका तुळसा हिला देवी आल्या आहेत.
२. आपल्या इश्वरला सीमेवर पाठवण्यासाठी, गावाकडे येणाऱ्या तेजरामच्या हाती घरी दिलेला स्वेटर तिनेच विणला.
३. शेवटची बाही विणताना तिला ताप होता. आम्हाला वाटले, थंडीचा आहे.

स्वेटर अजून घरी असेल तर पाठवू नका. धाकट्या बेबीने हौसेने अंगात घातला असेल तर आधी काढा. उकळत्या पाण्यात टाका, आटला तरी चालेल. सगळ्यांनी लस टोचून घ्या. माय ऐकणार नाही. आमच्या घरमालकीणही म्हणतात, "मास्तरीणबाई, मातेले सुया दाखवून कायले चिडवता?" शेजारणी लेकरे घेऊन देवीला पाणी वाहायला येतात. मी दारातूनच परत पाठवते, म्हणून माझ्याशी बोलत नाहीत.

मी लस घेतली आहे, बरी आहे. हे पत्र वाचून जाळा, हात धुवा. इश्वरचे काही आले का? मला नाही.

तुळसाने आज थोडी पेज घेतली. विचारत होती, "इश्वरले बरोबर झाला काय?" मी हो म्हटले.

स्वेटर कुठे आहे, एवढे बुधवारपर्यंत, १५ तारखेच्या आत, कळवा.

आपली,
पुष्पकला