सासूबाईंच्या खोल्या भाड्याने

फॉल रिव्हर, १२ ऑक्टोबर

आदरणीय सासूबाई दोना लेओपोल्दिना यांस,

आपला आशीर्वाद मागून जावई जेर्मानो लिहितो की, इकडे सर्व खुशाल. बेटावरच्या हवेत तुमचे गुडघे कसे आहेत? मुलाकडे निवांत राहा, परतायची मुळीच घाई करू नका. (एप्रिलमध्ये माझ्याशी भांडून, "या घरात माझी कुणाला गरज नाही," म्हणत तुम्ही विमानात बसलात, ते मी मनावर घेतलेलं नाही.)

आता एक गोष्ट कानावर घालतो. आधी बसून घ्या. तळघरातल्या तुमच्या खोल्या मी जूनमध्ये भाड्याने दिल्या. वर तिन्ही मजल्यांवर माणसं दाटीवाटीने राहतात आणि खाली दोन खोल्या रिकाम्या, हे डोळ्यांना खुपत होतं. हॅस्केल नावाचे निवृत्त संगीतशिक्षक आले. एकटे, सभ्य, बोलायला मऊ. किल्ली दिली. एवढंच विसरलो की घराचं खरं स्वयंपाकघर तिथेच आहे. वरची शेगडी तुमच्या लेकीने, ओदेतने, लग्नापासून नुसती पुसून चकचकीत ठेवली आहे, तिच्यावर मला दूधसुद्धा तापवू देत नाही.

पहिल्याच सकाळी हॅस्केलसाहेब टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर येतात तो काय, ओदेत मासे तळतेय आणि दुसऱ्या मजल्यावरच्या इल्दामावशी पालेभाजी निवडताहेत. साहेबांनी अदबीने विचारलं की ही जागा आपण भाड्याने घेतली आहे ना.

"घेतलीत ना? मग कपडे घाला आणि हे बटाटे सोला," ओदेत म्हणाली.

चार महिने सोलताहेत बिचारे. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "आई गेल्यापासून मला इतक्या हक्काने कुणी रागावलं नव्हतं." (मी तुमचा जावई, मला याचं काय अप्रूप?)

बाकी ठीक. सर्वांना नमस्कार.

आपला जावई,
जेर्मानो

ता. क. : तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड गेलं. येत्या रविवारी हॅस्केल तिथे राहायला जाताहेत, जेवायला खालीच येणार. म्हणजे तुमच्या खोल्या रिकाम्या.

आणखी एक : वर 'घाई करू नका' लिहिलं, ते जावयाचा मान राखायला. ओदेत सूप करताना रडते आणि कांद्याला दोष देते. कांदा तेव्हा चिरलेलाही नसतो.

शेवटचं : सासूबाई, या. मलाही करमत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि दुसऱ्या कुणाशी ते रंगत नाही.