सभ्य श्वास

५ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून नवं औषध. घाबरलेले नाही. डॉक्टर शाहिनाझ म्हणाली, व्रणांनी फुफ्फुस आखडत चाललंय, गोळ्या तिथवर पुरेशा पोचत नाहीत. म्हणून औषधाची अशी पूड केलीय की तिचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर थेट खोल जाऊन बसतील. नळीतून ओढायची, महिनाभर, रोज दोनदा. गुण आला नाही तर घरात ऑक्सिजनचं सिलिंडर. सिलिंडर येणार नाही. ठरलं.

दुपारी
एवढे बारीक कण रस्ता चुकून डोक्यात गेले तर? नुसतं कुतूहल.

८ फेब्रुवारी
तंत्र जमलं. पहिल्या दिवशी नळीने चक्क शिट्टी मारली, केवढी दचकले! शाळेत सिस्टर क्लेमांस सांगायच्या, चांगल्या घरच्या मुलीचा श्वास ऐकू येत नाही. प्रार्थनेला आम्ही चाळीसजणी, पण ऐकू यायचा फक्त खिडकीबाहेरचा समुद्र. किती छान वळण लावलं त्यांनी. आता अलगद श्वास घेते. नळी मुळीच वाजत नाही.

१३ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरची इन्साफ आली. बाल्कनीत बसून शीशा, म्हणजे हुक्का, ओढणारी बाई, तिला काय सांगायचं! म्हणाली, "मादाम, औषध घेतेयस की नळीचा मुका? ओढ की चांगलं!" म्हटलं, हा तुझा शीशा नव्हे. जिभेवर गोड चव रेंगाळते. म्हणजे औषध लागू पडतंय.

२० फेब्रुवारी
जिन्यात तीनदा थांबले. वाऱ्यामुळे. उद्यापासून समुद्रकाठी अर्धा तास चालणार.

२१ फेब्रुवारी
थंडी. नाही गेले.

२६ फेब्रुवारी
नळी हातात घेतली की बोटं गार पडतात. वयच झालंय.

४ मार्च
दवाखाना. औषध घेऊन दाखवा, डॉक्टर म्हणाली. अभिमानाने दाखवलं, आवाज न करता. शाहिनाझने चष्मा काढला. "मादाम मार्सेल, शिट्टी कुठाय?" शिट्टी वाजली तरच श्वास खोल गेला; नाहीतर सगळी पूड जिभेवर. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?" सांगितलं असेल. मी तेव्हा शूरपणे हसण्यात गुंतले होते.
महिनाभर मी औषध चहाबरोबर गिळलं. व्रण वाढलेत.
तिने सरावाला रिकामी नळी दिली. शिट्टी निघाली तर आणखी एक महिना औषध. नाहीतर सिलिंडर.

५ मार्च, सकाळी
लाज सोडली. तोंड उघडून ओढलं. नाही वाजली. अकरा वेळा. नळी बिघडलेली आहे, उघड आहे. बदलून मागणार.

दुपारी
इन्साफ मसुराचं सूप घेऊन आली. म्हटलं, बघ, खराब नळी गळ्यात मारलीय. तिने ती ओढणीला पुसली, तोंडाला लावली आणि ओढली.
जिनाभर शिट्टी घुमली.
"वाजतेय की गं मस्त!" ती हसत म्हणाली. मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. इन्साफ कधी गप्प होत नाही.